भाऊजींनी चिकटवलेलं घर

ज्या इमारती अजून कुणी बांधलेल्या नाहीत, त्यांची मॉडेलं माझे धाकटे दीर बनवतात. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवलेली ती इमारत बघून माणसं हरखून जातात, "ही आपली बाल्कनी" म्हणून काचेवर बोट टेकवतात, आणि भाऊजी घरी येऊन हळहळतात, की काच पुसायला तिथे कुणी फडकंसुद्धा ठेवत नाही. त्या बोटवाल्या माणसांना पुढे बाल्कनी मिळाली का, ही चौकशी त्यांनी कधी केलेली नाही. "वहिनी, माझं काम चिकटवण्यापर्यंत," असं ते म्हणतात.

त्यांचं शिक्षण नकाशे काढण्याचं झालं, तेही अर्धवट. सपाट कागदात जीव रमेना म्हणून सोडलं. मग काही वर्षं शाळांना लागणारे करंडक बनवणाऱ्या दुकानात काढली. तिथे एकदा हौसेनं त्यांनी मालकाच्या घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल करून दिलं. मालकाला इतकं आवडलं, की त्यानं ते सगळ्यांना दाखवलं आणि भाऊजींना कामावरून काढलं. "हा इथे फुकट जातोय" असं त्याचं म्हणणं. उपकार करणारी माणसं अशीच असतात.

लग्न एकदा जमत आलं होतं. मुलीच्या घरी गेल्यावर भाऊजींनी तिच्या वडिलांना सांगितलं, की तुमच्या जिन्याची एक पायरी दुसरीपेक्षा उंच आहे, कुणीतरी पडेल. परत निघताना त्याच पायरीवर ते स्वतः पडले. त्यानंतर त्या घरून निरोप आला नाही. भाऊजींना त्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. सासूबाई मात्र अजून कुठल्याही जिन्यापाशी थांबून मोठा सुस्कारा सोडतात.

आमचं घर नदीकाठी आहे. बसकं, मागच्या बाजूला पत्र्याची पडवी, आणि पडवीतून नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. आजूबाजूची घरं एकेक करून विकली गेली आणि त्या जागी उंच इमारती आल्या. ज्या इमारतीतून नदी दिसत नाही तिला नदीचं नाव द्यायचं, असा आमच्याकडे नियमच झाला आहे. जाहिरातीत आमचं गाव शहरापासून "अवघ्या काही मिनिटांवर" असतं. ती मिनिटं कुणाच्या घड्याळातली, ते लिहिलेलं नसतं. माझे यजमान रोज ती मिनिटं काढत शहरात नोकरीला जातात, आणि घरी परत येईपर्यंत बोलण्याइतकं त्यांच्यात काही उरलेलं नसतं.

मग नगरपालिकेला नदीची आठवण झाली. इतकी वर्षं गावातली सगळी गटारं तिच्यात सोडून झाल्यावर तिच्या काठाला सुशोभित करायचं ठरलं. फरसबंद रस्ता, कठडे, दिवे, कारंजी. पाण्याचं काय करायचं ते पुढच्या टप्प्यात. या सगळ्याचं मॉडेल करायचं काम भाऊजींना मिळालं, आणि आमच्या घरात आनंदीआनंद झाला.

मॉडेल मोठं, म्हणून जेवणाचं टेबल त्याला दिलं आणि आम्ही जमिनीवर जेवू लागलो. भाऊजींनी नदी ओतली. पातळ राळेसारखं काहीतरी असतं, त्यात रंग कालवून ओततात आणि बुडबुडे येऊ नयेत म्हणून श्वास रोखून उभे राहतात. नदी अशी निळीशार झाली, की खरी नदी कधी त्या रंगाची दिसली तर मी आधी मुलीला डॉक्टरांकडे नेईन. मग स्पंजाची झाडं आली. मग माणसं. मोहरीपेक्षा मोठी, तांदळापेक्षा लहान. भाऊजी ती चिमट्यानं उचलून काठावर उभी करत होते. कुणी कुत्रा फिरवतंय, कुणी फुगा धरलाय. ऑफिसातून उशिरा आलेलं, घामेजलेलं, कुणावर तरी खेकसणारं असं एकही नाही.

एक दिवस टेबल पुसताना मी सहज आपलं घर शोधायला लागले. पुलापासून अलीकडे आले, वळणापाशी पोचले. आमच्या जागी हिरवा स्पंज होता आणि एक बाक.

"भाऊजी, आपलं घर कुठाय?"

ते चिमटा साफ करायला लागले. "वहिनी, तो हरित पट्टा आहे."

"पट्ट्याच्या खाली आपण आहोत का?"

"आपल्याला स्टेशनमागच्या नव्या इमारतीत फ्लॅट देणारेत. अकराव्या मजल्यावर. लिफ्ट आहे."

माझ्या डोळ्यांसमोर लिफ्ट आली नाही. अकराव्या मजल्याची खिडकी आली, आणि तिच्यातून कंबरेपर्यंत बाहेर वाकून खालच्या मैत्रिणीला हाक मारणारी माझी मुलगी. मी तिथेच फडकं हातात धरून खाली बसले.

सासूबाई आतून आल्या. त्यांना ऐकू कमी येतं, पण ऐकू नये ते नेमकं येतं. "तू स्वतःच्या हातानं आपलं घर पाडलंस?"

"पाडलं नाही आई. बनवलंच नाही."

"मग काय, सुटलासच तू! कधीपासून माहीत होतं?"

"नकाशा आला तेव्हापासून."

"आणि आम्ही इथे जमिनीवर पाट मांडून जेवतोय, याचं घर पाडायचं काम नीट व्हावं म्हणून!" त्या टेबलाजवळ गेल्या आणि हिरव्या स्पंजावर त्यांनी बोट ठेवलं. "मी इथून कुठे जायची नाही. तुझ्या त्या साहेबाला सांग, बाकावर माझं नाव घाला, कारण मी तिथेच बसलेली असेन."

भाऊजींची जेवणं कमी झाली. मी त्यांना विचारलं, साहेबांशी बोललात का? बोलले होते. साहेब म्हणजे नगरपालिकेचे या प्रकल्पाचे अधिकारी. त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, की विकासात प्रत्येकाला थोडं सरकावं लागतं. साहेब स्वतः शहरात राहतात. त्यांना सरकावं लागलेलं नाही, पण सरकवण्याचा अनुभव दांडगा.

मॉडेल न्यायच्या सकाळी टेंपो दारात उभा असताना मी शेवटचं त्यावरून नजर फिरवली. हिरव्या स्पंजाच्या जागी घर होतं. आमचं. पत्र्याची पडवी, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेली वीट, दगडी पायऱ्या. नखाएवढं घर, पण पडवीचा वाकलेला कोपरासुद्धा वाकलेला.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"तिथला स्पंज नीट बसत नव्हता. डाग दिसत होता."

"मग माणसं नाही लावलीत?"

"नाही जमलं," ते म्हणाले, आणि टेंपोवाल्यावर ओरडायला निघून गेले. आयुष्यात ते कुणावर ओरडलेले मी ऐकलं नव्हतं.

नगरपालिकेच्या सभागृहात नागरिकांसाठी मॉडेल मांडलं होतं. सासूबाई, मी आणि माझी मुलगी, नागरिक म्हणून गेलो. अध्यक्षबाई आल्या, मागे साहेब, त्यांच्या मागे फोटो काढणारे. बाईंनी पूल बघितला, कारंजी बघितली, सगळ्याला "वा" म्हणाल्या. वळणापाशी त्या थांबल्या.

"आणि हे छोटंसं गोड काय आहे?"

साहेबांनी बघितलं. त्यांचा चेहरा आमच्या खऱ्या नदीच्या रंगाचा झाला. त्यांनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी छताचा पंखा न्याहाळत होते. "मला माहीत नाही" हे तीन शब्द बोलायला साहेबांना पगार मिळत नसावा. ते घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, ते आपलं... जुन्या काठाचं दर्शन. पूर्वी लोक कसे राहायचे, नव्या पिढीला कळायला नको?"

पूर्वी! आम्ही सकाळी तिथून आंघोळी करून निघालो होतो.

"फारच छान कल्पना!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "हे ठेवायचंच. मूळ स्वरूपात. साहेब, याला हात लावायचा नाही."

टाळ्या झाल्या. सर्वात मोठ्यानं आमच्याच. सासूबाईंनी साहेबांना आशीर्वाद द्यायला हात वर केला, तो फोटोत आला. घरी येताना माझी मुलगी रिक्षात म्हणाली, "काका, तुम्ही एवढं डोकं चालवू शकता, हे आधी का नाही सांगितलंत?" काका लाजून बाहेर बघत राहिले. त्या संध्याकाळी आम्ही टेबलावर जेवलो.

पुढच्या आठवड्यात साहेब घरी आले. सोबत मोजपट्टीवाला माणूस. दारं, खिडक्या, पडवी, सगळ्याची मापं घेऊन झाली.

"अभिनंदन! घर राहणार. पत्रा तोच, रंग तोच. फक्त तुम्ही कधी रिकामं करताय?"

"आम्ही?" मी विचारलं.

"मॅडमनी मॉडेल मंजूर केलंय, ताई. मॉडेलमध्ये घर आहे. माणसं कुठे आहेत?"

भाऊजी एवढंसं तोंड करून म्हणाले, "माणसं आत आहेत."

"आत काय आहे?"

दुसरा कुणी असता तर काहीतरी बोलला असता. भाऊजी म्हणाले, "आत थर्माकोल आहे."

साहेब गेल्यावर सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. "साऱ्या गावाला फुगे वाटत सुटला! कुत्रीसुद्धा लावलीन. आणि सख्ख्या आईला एक जागा नाही?"

"आई, तू नीट होत नव्हतीस."

"मी?"

"तीनदा केली. तू बसतेस तशी, पायऱ्यांवर, एक पाय पुढे टाकून. एवढ्या लहान मापात पाय तुटायचा. तुटका पाय लावून तुला कसं ठेवू?"

सासूबाई गप्प झाल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हे प्रथमच पाहत होते. मग म्हणाल्या, "पाय दुमडून बसव. इतकं काय त्यात."

आता बसवायचं कसं? मॉडेल नगरपालिकेच्या दालनात, काचेच्या पेटीत, पेटीला कुलूप. भाऊजी दोनदा जाऊन आले. मंजूर मॉडेलला हात लावायचा तर मंजुरी लागते, आणि मंजुरी मॉडेल बघून देतात. दरम्यान स्टेशनमागच्या फ्लॅटची किल्ली आली. मी जाऊन खिडक्या बघितल्या. गज नव्हते. मी गजवाल्याला बोलावून मापं दिली, भांड्यांची खोकी बांधायला घेतली, आणि मुलीला सांगितलं, की तिथे खिडकीजवळ अभ्यासाचं टेबल मिळणार नाही, हट्ट करायचा नाही.

मग नगरपालिकेत कुणी मंत्री आले. त्यांना नीट दिसावं म्हणून पेटी उघडली, आणि "हा पूल बघा" म्हणताना साहेबांच्या कोपराखाली पूल आला. भाऊजींना तातडीचा फोन. ते आपली माणसांची डबी, गोंद, चिमटा घेऊन गेले. पूल जोडायला त्यांना जेवढा वेळ लागायला हवा होता, त्याच्या दुप्पट लागला. परत आले ते शीळ घालत.

"लावलं?" सासूबाईंनी विचारलं.

"लावलं. तू पायऱ्यांवर. वहिनी पडवीत कपडे वाळत घालतायत. दादा दारात."

"आणि मी?" मुलगी म्हणाली.

"तू आत अभ्यास करतेयस."

"मॉडेलमध्येपण?"

खोकी अर्धी बांधून तशीच पडली. सोडायला हिंमत होत नव्हती, पुढे बांधायला हात उचलत नव्हता. शेवटी एका दुपारी साहेब आले. हातात मोबाइल, मोबाइलवर फोटो, फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा केलेला. मला वाटलं, झालं, आता भाऊजींवर खटला.

साहेब हसत होते. नाइलाजानंच, पण हसत होते. "मॅडमनी काल बघितलं. त्यांना ही माणसं खूप भावली. जिवंत घर, म्हणाल्या. असं कुठल्याच काठावर नाही म्हणे. तुम्ही राहायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तोवर साहेबांनी पुढचं सांगितलं. काठ लोकांना खुला झाला की लोक कठड्यापाशी थांबून बघणार. पडवीत कपडे वाळत असलेले बरे, पण भडक नकोत. यजमान अधूनमधून दारात दिसावेत. "आणि आजी पायऱ्यांवर. नारिंगी स्वेटर घालून."

"नारिंगी?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना तो रंग इतका नकोसा, की आमच्याकडे त्या रंगाची बादलीसुद्धा येऊ शकत नाही.

आम्ही सगळ्यांनी भाऊजींकडे बघितलं. ते पुटपुटले, "ठिपका आहे तो. जिथे बघावं असं वाटतं तिथे आम्ही नारिंगी ठिपका देतो. नाहीतर नजर थांबत नाही." मग साहेबांना म्हणाले, "साहेब, तो नुसता रंगाचा ठिपका आहे. स्वेटर नाही."

"मॅडमना स्वेटर दिसला," साहेब म्हणाले. विषय संपला.

माझ्या मनात भलभलते विचार. अनोळखी माणसं दिवसभर दारासमोर, मुलगी शाळेतून येणार जाणार, पडद्यांना दुहेरी कापड लावावं लागेल, मागच्या दाराची कडी बदलावी लागेल. भाऊजी खाली मान घालून नखाला लागलेला गोंद सोलत होते. मी सासूबाईंकडे बघितलं. आता त्या साहेबांना पायऱ्यांवरून खाली ढकलतात, याची माझ्या मनाची तयारी झाली होती.

त्या पदर सावरून पुढे आल्या. साहेबांच्या मोबाइलमध्ये वाकून त्यांनी स्वतःला नीट बघून घेतलं. पाय दुमडलेला होता, शाबूत होता.

"दोन द्या," त्या म्हणाल्या. "एक वाळत असेल तेव्हा घालू काय?"