दहा एचपीचा मामा

माझ्या भाचीच्या लग्नाला मी वेळेवर हजर होतो. फक्त मंडपात नव्हतो.

मंडपासमोर गोदावरीच्या पाण्यात, डोक्याला भगवा फेटा बांधून, दहा हॉर्सपॉवरचं इंजिन मांडीशी घेऊन मी बसलो होतो. मंगलाष्टकं मला पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत स्पष्ट ऐकू आली. (लाऊडस्पीकर चांगला होता. मीच ठरवून दिला होता.)

तीर्थपुरीला माझं पाण्याच्या मोटारी आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. आमच्या धंद्याचं सगळं शास्त्र एका दमात सांगता येतं. तीनची मोटर पाणी देत नाही? पाचची टाका. पाचची धापा टाकते? साडेसातची टाका. तीही कमी पडली तर दहाची. आणि दहाचीही कमी पडली तर विहिरीत पाणी नाही (हे मी गिऱ्हाइकाला सगळ्यात शेवटी सांगतो). इतकी वर्षं या शास्त्रावर घर चाललं, त्यामुळं ते खोटं असेल अशी शंका यायचं कारणच नव्हतं.

माझी थोरली बहीण, सुमनताई, नदीपलीकडच्या गावात दिलेली. बंधारा झाल्यापासून मधलं पाणी असं पसरलं की पुलावरून जायचं तर दीड तासाचा वळसा पडतो. आमचा मित्र रफिकभाई त्या पाण्यात मासे धरतो. त्याच्या नावेनं तिरकं पलीकडं जाऊन काठाकाठानं पुढं गेलं, की पाऊण तासात ताईच्या गावचा घाट येतो. नाव लोखंडी पत्र्याची, बुटकी, पोट सुटलेली. मागं तीन एचपीचं इंजिन. टुकटुक करत जायची बिचारी.

ताईची मुलगी पूजा माझी फार लाडकी. लग्न ठरलं तेव्हाच तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मामा, मंगलाष्टकाला तुम्ही माझ्या मागं उभे राहा. तुम्ही असलात की मी रडणार न्हाई." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. नवरीच्या पाठीशी मामाच उभा लागतो, आणि पूजाला मी एकुलता एक मामा. म्हणजे माझ्या जागी दुसरा कुणी चालणार नव्हता. (असं माझं मत होतं.)

बस्त्याच्या दिवशी मात्र दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, चारचौघांत मला छेडलं. "मेव्हणे, लग्नाला पुलावरून या बरं का. त्या मासोळीच्या डब्यातून निघालात तर डायरेक्ट बारशाला पोचसाल!"

सगळे हसले. मला झोंबलं.

"दाजी," मी म्हणालो, "पंधरा मिनिटांत घाटाला लागलो न्हाई, तर मामा म्हणू नका!"

दुसऱ्याच दिवशी रफिकभाईला गाठलं.

"रफिकभाई, तीनची काढू आन् दहाची टाकू."

"किती पळंल?"

"तिप्पट. वर थोडं."

"वर थोडं कायका?"

"ते आपल्याकडून."

रफिकभाईचे डोळे चमकले. "मंग जल्दी करा उस्ताद! जिंदगीभर बगळ्यांनी मागं टाकलं मला."

दुकानात एक जुनं दहा एचपीचं इंजिन पडून होतं. ते चढवलं, मागचा पत्रा वेल्डिंग करून घेतला, पाण्यातला पंखा मोठा बसवला. चाचणीही घेतली, अगदी शास्त्रशुद्ध! नाव दोरानं काठावरच्या खुंट्याला बांधली आणि इंजिन सोडलं. खुंटा मुळापासून उपटून पाण्यात आला. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. ट्रॅक्टर असाच पारखतात, बैलही असाच पारखतात. मग नाव वेगळी पारखायची असते हे आम्हाला कोण सांगणार?

लग्नाच्या दिवशी दारात जीप उभी राहिली. माझी बायको, मंदा, आत बसून म्हणाली, "आवो, या ना. जागा हाये."

"तुम्ही व्हा पुढं. पाऊण तासाचा तिसरा हिस्सा किती होतो?"

"मला न्हाई माहीत. पिवळी साडी द्या इकडं."

नवरीनं बोहल्यावर नेसायची पिवळी साडी मामाकडची असते. ती मी स्वतः मिरवत नेणार होतो.

"साडी कशाला? मी आणतो ना."

"साडी तरी येळेवर पोचू द्या," मंदा म्हणाली, आणि पिशवी हिसकून जीप गेली.

माझ्याकडं वेळच वेळ होता. दाढी दोनदा केली. फेटा मनासारखा बसेना म्हणून तीनदा बांधला. वरून चहा घेतला. मुहूर्ताला बरोबर अर्धा तास राहिला तेव्हा मी रुबाबात नावेत पाय ठेवला. रफिकभाई नवी शेरवानी घालून पुढच्या टोकाला बसला. मी मागं, इंजिनापाशी.

सुरुवातीला झकास चाललं. मी हळूच वेगाचा दांडा ओढला. नाव पूर्वीसारखीच चालली. म्हटलं, आता दाखवतो! दांडा शेवटपर्यंत ओढला.

काय तो आवाज! काठावरची वानरं झाडावर चढली. नावेचं नाक वर उठलं, उठलं, आणि उठलेलंच राहिलं. मागची बाजू खाली बसली. रफिकभाई माडीवर आणि मी तळघरात!

"उस्ताद!" तो वरून ओरडला, "मला इथून मंडप दिसून राह्यला!"

"मला फक्त तुझे बूट दिसून राह्यले!"

माझ्या पाठीमागं पाण्याचा एक ढिगारा तयार झाला होता, कंबरेएवढा. आम्ही जाऊ तिकडं तो येत होता. एवढा धूर, एवढा आवाज, एवढं पाणी. आणि काठावरचं बाभळीचं झाड काही केल्या मागं जाईना!

पलीकडच्या काठाला लागेपर्यंत अर्ध्याहून जास्त वेळ गेला. तिथल्या पायवाटेवर पांढऱ्या टोपीतले एक आजोबा सायकलवरून चालले होते. थोडा वेळ ते आमच्या बरोबरीनं आले.

"काय पाव्हणं, कुठं निघाले?"

"लग्नाला!" मी बोंबललो.

"मी बी तिकडंच. तुमी कोणाकडून?"

"नवरीचा मामा!"

आजोबांनी सायकल हळू केली. "आरं बाप्पा! मंग मामाबिगर लगीन कसं लागंल?"

"येऊनच राह्यलो ना!"

त्यांनी नाव पाहिली, मागचा ढिगारा पाहिला, मला पाहिलं. "ते दिसून राह्यलं," ते म्हणाले. "मी व्हतो पुढं. मामा निघालेत म्हणून सांगतो." आणि पायडल मारत ते निघून गेले. हो, पुढं निघून गेले!

तेवढ्यात लाऊडस्पीकर सुरू झाला. "मुलीच्या मामांनी ताबडतोब मंडपात यावं!"

"आलो!" मी नदीतून ओरडलो.

"उस्ताद, और डालो ना!" रफिकभाई म्हणाला.

"अजून कुठून डालू? दांडा हातात आलाय!"

"मुलीचे मामा जिथं असतील तिथून लवकर या. मुहूर्त टळून राह्यला." आता आवाज दाजींचाच होता. मग जरा शांतता. माइकवर कुणीतरी कुणाशी तरी कुजबुजलं (मला वाटतं, सायकलवाले आजोबा पोचले होते), आणि मंडपात हास्याची मोठी लाट उसळली. शेवटी दाजी म्हणाले, "मुलीच्या मामी, तुम्ही या. उभ्या राहा पोरीच्या मागं."

आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, रडू आलं. ज्या पोरीला खांद्यावर बसवून राजूरच्या गणपतीला नेलं, तिच्या लग्नात मी पाण्याच्या ढिगाऱ्याला टेकून बसलो होतो. खिशात अक्षतांची पुडी होती. "सावधान!" ऐकू आलं की मी नदीतूनच अक्षता टाकायचो. रफिकभाईनंही पुढं हात केला, त्यालाही चिमूटभर दिल्या. मासे वर येऊन खाऊन गेले.

शेवटची तुतारी वाजली आणि मी संतापानं इंजिन बंद केलं. इथं आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. नाव थांबली तरी लाट थांबत नाही! मागचा ढिगारा सरळ माझ्या पाठीवरून आत आला, फेटा धुऊन काढला, नावेखालून पुढं सटकला आणि घाटाकडं निघाला. मी हात वर करून त्याला "थांब, थांब" म्हणत होतो.

मंडप घाटाच्या माथ्यावरच होता, त्यामुळं खालच्या पायऱ्यांवर दोन्हीकडच्या वऱ्हाडानं चपला काढून ठेवल्या होत्या.

लाट पायऱ्या चढली, सावकाश उतरली आणि चपला घेऊन परत आली. पायताणं, कोल्हापुरी, लहान पोरांचे चूं-चूं वाजणारे बूट, सगळं वऱ्हाड पायांविना गोदावरीत उतरलं! नवरदेवाचे बूट करवल्यांनी पळवून पायरीखाली लपवले होते, तेही निघाले. जेवायला उठलेली माणसं अनवाणी घाटावर जमली आणि बोंब मारू लागली.

मग आम्ही चपला गोळा केल्या. वाकून वाकून वेचायच्या म्हणून इंजिन अगदी बारीक ठेवलं होतं. पाच-दहा मिनिटांनी रफिकभाई म्हणाला, "उस्ताद, गुस्सा नका करू. पण आता बी तेवढीच पळून राह्यली."

मी पाहिलं. तेवढीच पळत होती.

गुडघाभर चपलांत बसून मी घाटाला लागलो. समोर पूजा आणि नवरदेव. जावई जालन्याला इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतो. तो माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला आणि त्याचा एक बूट दिला. (दुसरा अजून सापडलेला नाही.)

"मामा," तो अदबीनं म्हणाला, "नाव किती फूट लांब आहे?"

"बारा."

"मग एवढंच पळणार. नाव पाणी लोटते, त्याची लाट होते. वेग वाढला की लाट लांबते, आणि ती नावेएवढी झाली की नाव तिच्या खड्ड्यात बसते. पुढं जायचं तर तो चढ चढावा लागतो. तुम्ही लावलेली जास्तीची ताकद सगळी लाटेत गेली."

"म्हणजे मी चढावर होतो?"

"हो. तुम्हीच उकरलेल्या." मग बिचारा चाचरत म्हणाला, "इंजिन मात्र चांगलं आहे."

मी पूजाकडं वळलो. माझी मान वर होत नव्हती. "पोरी, मी शब्द दिल्ता. तुझ्या मागं न्हाई उभा राह्यलो. तू रडलीस का गं?"

"कशाची रडू मामा!" ती पदर तोंडाला लावून म्हणाली. "अंतरपाटाच्या पल्याडून सारखं तुमचं इंजिन ऐकू येऊन राह्यलं होतं. हसू दाबता दाबता जीव गेला माझा!"

यंदा पूजाच्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. परवा ताईचा फोन आला. "मंदाला येळेवर पाठव बरं. पोरीच्या मागं उभं राहायला लागतं."

"आणि मी?" मी दबकत विचारलं. "ताई, या वेळेस मी पुलावरून येतो. आदल्या दिवशीच येतो."

"ये की," ताई म्हणाली. "चपलांपाशी कोणीतरी बसायला पाहिजेच."