बोरं न येणारी बोर

आज तिसरीचा वर्ग शाळेमागच्या माळावर नेला होता. प्रत्येकानं एक झाड निवडून त्याची माहिती लिहायची. नियम मीच घातला: ऐकलेलं नको, डोळ्यांनी पाहिलेलंच लिहा.

एका मुलीनं बोरीचं झाड निवडलं आणि लिहिलं, "या झाडाला बोरं येत नाहीत."

पोरं हसली. "सर, संक्रांतीला लई येत्यात की!"

ती मागे हटेना. "मी तर कवाच पाहिली न्हाईत."

मी लाल पेनानं फुली मारली.

घरी येताना लक्षात आलं. दरवर्षी दिवाळी झाली की ती आईबापासोबत ऊसतोडीला जाते, ती गुढीपाडव्यालाच परत येते. तोवर बोरं संपलेली असतात.

वही आत्ता माझ्यासमोर आहे. मंडळी, नियम तिनं पाळला, मग ही फुली कुणाची?