भारतीचे सेहेचाळीस फॉर्म

भारती वरठा भांडायला येते तेव्हाही चपला दाराबाहेर काढून येते. समोरच्याला वाटतं, बाई काहीतरी मागायला आली. ती मागत नाही, सांगते, आणि सांगून झालं तरी जागची हलत नाही. तिच्या या स्वभावाला मी सात वर्षं वैतागत आलो आहे. तरी तिच्याबद्दल लिहायचं तर ते मीच लिहायला हवं, कारण त्या प्रकरणात मीही होतो.

डहाणूतल्या एका हाडांच्या हॉस्पिटलात मी संशोधनाचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवतो. भारती तलासरी तालुक्यातल्या झरीची. ती पाड्यापाड्यांतून फिरून ते फॉर्म भरून आणते. आमच्याकडे जन्मतःच पाऊल आत वळलेली बाळं येतात. दर आठवड्याला नवं प्लास्टर घालत पाऊल हळूहळू सरळ करतात. मग मिळतात दांडीचे बूट, म्हणजे दोन बूट आणि त्यांना जोडणारी लोखंडी दांडी. बाळ झोपलं की ते घालायचे, चार वर्षांचं होईपर्यंत. आळस केला की पाऊल पुन्हा आत वळतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

आमच्या डॉक्टर दक्षा मॅडमनी अशा सेहेचाळीस बाळांचा अभ्यास केला. चौदा जणांचे पाय परत वळले होते. 'बूट रोज घालता का?' या प्रश्नापुढे मात्र त्रेचाळीस फॉर्मवर 'हो' होतं. मॅडमनी सरळ हिशेब मांडला: बूट घालूनही पाय वळतात, तेव्हा आपल्या भागातल्या मुलांना बुटांचा भरवसा नाही, वेळेवर ऑपरेशनच करावं. लेख लिहून झाला, शुक्रवारी पाठवायचा होता. चौदा मुलांच्या ऑपरेशनची यादीही लागली. पहिलं नाव निलमचं, वय दीड वर्षं.

सोमवारी भारती निलमच्या आईकडे, लाडकीकडे, तारीख सांगायला आणि संमतीचा अंगठा घ्यायला गेली. लाडकीने आधी पाणी दिलं. मग म्हणाली, "आता कापणारच हायत, तर ते बूट परत घेऊन जा बाय. हॉस्पिटलची वस्तू, हरवली बोलतील."

ती आत गेली आणि भाताच्या कणगीतून एक गाठोडं काढून आणलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेले बूट. पट्टे कोरे करकरीत, तळव्याला धूळ नाही, दांडीला ओरखडा नाही.

"हे घातलेच नाय तू?"

"घालून काय करू? उंदीर कुरतडतात म्हणून कणगीत ठेवले. एक दिवस हयगय नाय केली."

"मग मला 'हो' का बोललीस?"

लाडकी गोंधळली. "तू एवढ्या उन्हात आली, पाणी पण पुरतं प्यायली नव्हतीस. तुला 'नाय' कसं बोलू?"

भारती उंबऱ्यातच बसली. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणू नये, हे तिच्याही आईने तिला शिकवलं होतं. तिच्या घरी कुणी कागद घेऊन आलं असतं तर तीही 'हो'च म्हणाली असती. तरी गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र अडकवून ती सेहेचाळीस दारांत उभी राहिली, त्रेचाळीस वेळा 'हो' ऐकलं आणि लिहून आणलं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"पण घालत का नव्हतीस?" तिने विचारलं.

लाडकीने कुडाजवळच्या झोळीकडे बोट दाखवलं. निलम तिच्यात झोपली होती, दोन्ही बाजूंनी कापड अंगाला लपेटलेलं. "दांडी आडवी, झोळी उभी. पोरगी मावतच नाय. खाली टाकली तर झोपत नाय, आणि मी शेतावर जाऊ कशी?"

भारतीने अंगठा घेतला नाही. मंगळवारी सकाळी चपला बाहेर काढून ती मॅडमच्या खोलीत उभी होती.

"मॅडम, लेख पाठवू नका. माझे फॉर्म खोटे आहेत."

मॅडमचा आवाज चढला. "खोटे म्हणजे? तू घरी गेली नव्हतीस?"

"गेले होते. विचारलं, बघितलं नाय. निलमला बूट घातलेच नाहीत. मला तीन आठवडे द्या, सगळी घरं परत करते."

"भारती, शुक्रवारची तारीख आहे. एका घराचं असेल तसं, म्हणून सगळा डेटा चूक?"

"मग निलमचा पाय कशाला कापताय? बूट हरले नाहीत मॅडम, बूट कणगीत होते."

मॅडम म्हणाल्या की फॉर्म खोटे निघाले तर तुझ्या नोकरीचं मी काही सांगू शकणार नाही. भारती म्हणाली, "नका सांगू." आणि उभीच राहिली. शेवटी मॅडमनी लेख थांबवला आणि यादी पुढे ढकलली. मनापासून नव्हे, वैतागूनच.

तीन आठवडे ती अच्छाडपासून कोसबाडपर्यंत फिरली. या वेळी तिने प्रश्न विचारलाच नाही. "बूट दाखवा" एवढंच म्हणायची आणि पट्ट्याची भोकं बघायची. वापरलेल्या पट्ट्याचं भोक ताणलेलं आणि काळवंडलेलं असतं, तिथे कुणाला खोटं बोलावं लागत नाही. काही बूट पेटीत होते, काही देवाजवळ. एका घरी वर टांगलेले, फोटोसारखे. सेहेचाळीसपैकी सतरा वापरातले निघाले. पाय परत वळलेल्या चौदांपैकी तेराजणांचे बूट कोरे होते.

हे आकडे मी मॅडमसमोर ठेवले. त्यांनी ऑपरेशनच्या यादीवर आडवी रेघ मारली. मग म्हणाल्या, "यादी रद्द. सगळ्यांना आधी प्लास्टर." झोळीचं उत्तर मात्र लाडकीनेच काढलं. झोळीच्या तोंडाशी आडवी बांबूची काठी अडकवली, कापड रुंद झालं आणि दांडीसकट निलम मावली. भारतीने ती युक्ती घरोघर दाखवली.

नवा लेख तयार झाला तेव्हा मॅडमनी पहिल्या फेरीचा उल्लेख गाळला होता. भारतीची लाज राहावी म्हणून, खरंच चांगल्या मनाने. भारतीने मला तो मराठीत वाचून दाखवायला लावला आणि तडक त्यांच्या खोलीत गेली.

"माझी चूक का काढली?"

"अगं, तुझं नाव खराब होईल."

"लिहा मॅडम. नायतर दुसऱ्या गावची बाई पण 'हो' लिहून आणेल, आणि तिथल्या पोरीचा पाय कापतील."

मॅडमनी ते वाक्य लिहिलं: पहिल्या फेरीत भारती वरठा यांनी भरलेले सर्व सेहेचाळीस फॉर्म बाद करण्यात आले, कारण माहिती विचारून घेतली होती, पाहून नव्हे. लेख तसाच छापून आला. भारतीची नोकरी राहिली. निलमचा पाय कापला नाही.

ते फॉर्म कॉम्प्युटरवर मी चढवले होते. एकाखाली एक त्रेचाळीस 'हो' टाईप करताना माझं बोट एकदाही थबकलं नव्हतं. त्या वाक्यात भारतीच्या शेजारी माझंही नाव असायला हवं होतं. मी ते मागितलं नाही.