आदी डोळं मिटा

गुऱ्हाळावरच्या गरम काकवीचा वास आला की मला अजून एक चिकट पाकीट आठवतं. लढाईचे दिवस होते. पलूसजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर एकच, आमचं. आई शाळेत शिकवायची आणि पलटणीतल्या पोरांची पत्रं त्यांच्या आयांना वाचून दाखवायची. पाकीट फोडण्याआधी ती डोळे मिटून त्या पोरासाठी येशूजवळ प्रार्थना करायची. शेजारच्या म्हातारीचा एकुलता एक मुलगा ब्रह्मदेशात लढत होता. ती दर वेळी वैतागायची, "आवं बाई, देवाला मागनं सांगा, आदी वाचा की!" मग सहा महिने त्याचं पत्रच आलं नाही. आई मात्र रोज शाळेतून येताना तिच्या ओट्यावर टेकायची आणि डोळे मिटायची. म्हातारी तिला उठा असं कधी म्हणायची नाही. आणि एका सकाळी ती गुऱ्हाळावरून पळतच आली, हात काकवीनं माखलेले आणि त्यात पाकीट! "आलं! बाई, आलं!" मी उड्याच मारायला लागले. आईही इतकी हरखली की तिनं पाकीट तसंच फोडायला घेतलं. म्हातारीनं झटकन तिचं मनगट धरलं. "आवं थांबा! आदी डोळं मिटा. रोज मिटत हुता, म्हनून तर आलं." मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर म्हातारीनं आपले चिकट हात जोडले होते. पोरगा जिवंत होता, महिन्याभरात सुटीवर येणार होता! आजही कुठलं पाकीट फोडताना माझा हात थबकतो, आणि कानात आवाज येतो तो आईचा नव्हे, त्या म्हातारीचा.