बंद डायनिंग हॉलमधला केक

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका कंपनीचे मायक्रोवेव्ह ओव्हन विकायचे. उज्जैनमध्ये तेव्हा फार थोड्या लोकांनी ही वस्तू पाहिली होती. पहिल्या डेमोसाठी शहरातल्या फ्रीगंज भागात एकही हॉल मिळेना, म्हणून एका जुन्या हॉटेलचा, कित्येक वर्षं बंद पडलेला डायनिंग हॉल घेतला. सासूबाईंना माझी नोकरी मुळीच पसंत नव्हती, पण "एकटी नको जाऊस" म्हणून त्या बरोबर आल्या.

भर दुपारी आत अंधार. टेबलांवर प्लेटा मांडलेल्या तशाच, धुळीने माखलेल्या. भिंतीवरच्या बारशिंग्याच्या मुंडक्याचा एक काचेचा डोळा गायब होता, आणि दुसरा माझ्याकडेच बघत होता.

वीसेक बायका आल्या, पण सगळ्या दारालगतच दाटीवाटीने बसल्या. मी बोलायला लागले आणि वरून आवाज आला, कर्र... कर्र... कोणी जड खुर्ची ओढतंय असा. वर तर नुसती गच्ची होती.

"मला डर लागतोय बाई, मी चालले," एक काकू उठल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. महिनाभर दारोदार फिरून जमवलेल्या बायका होत्या त्या.

"थांबा जरा!" सासूबाई कडाडल्या. त्यांनी पडद्याची काठी उचलली आणि वरच्या अंधारात ढोसली. भस्सकन धूळ पडली. "हे बघा तुमचं भूत! रस्सीने ओढायचा जुना पंखा आहे. झरोक्यातल्या वाऱ्याने हलतोय. नुसता वहम! बसा खाली."

मग त्यांनी खिडक्या धडाधड उघडल्या. मीही धावले. ऊन आत आलं तशा बायका हसायला लागल्या आणि खुर्च्या ओढत पुढे सरकल्या.

शेजारच्या खोलीतून वायर ओढून जोडलेल्या ओव्हनमध्ये मी केकचं भांडं ठेवलं. ना आच, ना धूर. काही मिनिटांत फुगलेला केक बाहेर काढला, तेव्हा त्या कुबट हॉलभर वेलचीचा वास पसरला. हॉटेलचा म्हातारा वेटर दारातून बघत होता. न सांगता तो आत आला, प्लेटा धुऊन पुसून आणल्या आणि पाठ ताठ करून एकेकीला वाढू लागला.

त्या दुपारी सात ऑर्डर मिळाल्या. पहिली त्या घाबरलेल्या काकूंचीच.

"सून कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"माझी," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या केसांतली धूळ झटकायला लागल्या.