कामिरोसची बस

ऱ्होड्स बेटावर काय काय बघायचं याची यादी बायकोने वहीच्या पानावर केली होती. सात ठिकाणं. आम्ही राहतो त्या एडिसनमध्ये माझं स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी लागणाऱ्या दगडाचं दुकान आहे. ते शून्यातून उभं केलं, ते घासाघीस करूनच. समोरच्याने सात म्हटलं की माझ्या तोंडून चार निघतं.

"अहो, पाच तरी."

"चार. पडके दगड मी रोज बघतो."

"बरं, चार," ती लगेच म्हणाली. मला जिंकल्यासारखं वाटलं. कुठली तीन कापायची तेही मीच ठरवलं.

लिंडोसचा डोंगर आम्ही सकाळीच चढलो. वर देवळाचे खांब, खाली निळाशार समुद्र. मी सवयीने एका खांबावर बोटं वाजवून पाहिली, तर ती म्हणाली, "विकत घेताय का?" मग जुन्या शहरातल्या सरदारांच्या, गोटे बसवलेल्या गल्लीत ती पुढे चालत माहिती सांगत होती. लग्नाआधी नागपूरच्या शाळेत ती इतिहास शिकवायची. एडिसनला आल्यावर वीस वर्षं माझ्या काउंटरमागे उभी राहिली. गल्लीच्या टोकाच्या राजवाड्यात तुकड्या-तुकड्यांच्या चित्रांच्या फरशा होत्या. मी सांधे बघितले, तिने चित्रं.

चौथं ठिकाण बंदर. तिथे म्हणे एक महाकाय पुतळा होता. आता दोन खांबांवर दोन हरणं आहेत, छोटीशीच.

"जे उरलंच नाही ते बघायला एवढी माणसं येतात बघा," ती म्हणाली.

चार ठिकाणं झाली आणि शेवटची दुपार मोकळी राहिली. आम्ही बाकावर बसलो. समोर बस उभी होती.

"वेळ आहे हो अजून. कामिरोसला जाऊन येऊ?"

"ठरलं ते ठरलं," मी म्हणालो. कापलेल्या तिनांतलं ते एक होतं. दिलेला शब्द मी फिरवत नाही, स्वतःला दिलेलासुद्धा.

बस गेली. बायको वळणापर्यंत बसकडे बघत राहिली, मग तिने पर्समधून बिस्किटं काढली.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिचं कपाट आवरायला मुलगी वेस्ट विंडसरहून आली, तेव्हा ती वही निघाली.

"बाबा, आईला ॲक्चुअली फक्त कामिरोस बघायचं होतं. बाकीची सहा अशीच टाकलेली."

"अशीच म्हणजे?"

"तुमच्याकडून एक हवं असेल तर सात मागायची. तिनेच शिकवलंय मला."

"काय होतं एवढं तिथे?"

"साध्या लोकांची घरं. उंबरे, पाण्याचं टाकं. राजवाडे सगळेच दाखवतात, बायका स्वयंपाक कुठे करायच्या ते बघायचंय, म्हणायची."

माझं डोकं फिरलं. "माझ्याशी घासाघीस? गिऱ्हाईक होती का ती? सरळ मागितलं असतं तर दिलं नसतं का मी?"

मुलगी साड्यांच्या घड्या घालत राहिली. मग हळूच म्हणाली, "रिअली, बाबा?"

मी दुकानात निघून आलो. राग अजून गेलेला नाही; बत्तीस वर्षं एका घरात राहून तिने मला खरी किंमत कधी सांगितली नाही. पण दगड पुसताना मनातल्या मनात तिला एकच ठिकाण, कामिरोस, मागू देतो, आणि दर वेळी माझंच उत्तर ऐकू येतं: बंदरावरूनच परत फिरू, तिकडे काय आहे एवढं?