डाव्या हाताला पेलेल अशी बंदूक

बाबांना अर्धांगाचा झटका आला तो डाव्या बाजूला, आणि सगळ्या नातेवाइकांनी ‘नशीब, डाव्यावर निभावलं’ म्हणून हुश्श केलं. उजवा हात शाबूत आहे, जेवता येतं, सही करता येते, आणखी काय हवं! हा माणूस बंदुकीवर पोट भरतो आणि बंदुकीला दोन हात लागतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. बाबांच्या मात्र पहिल्या दिवसापासून तेच डोक्यात होतं. बोबड्या जिभेनं त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो, “माझी ड्यूटी कोण करतंय?”

बाबा गनमॅन होते. म्हणजे बंदूकवाले पहारेकरी, स्वतःच्या लायसन्सची स्वतःची बंदूक घेऊन येणारे. दिल्लीच्या आसपास फौजेतून सुटलेल्या माणसाला ही एक वाट ठरलेली असायची. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण बाबांना फरीदाबादच्या एका कारखान्याच्या गेटावर काम लागलं आणि आम्ही तिथलेच झालो. मग नव्वदनंतर ते कारखाने एकेक करून बंद पडायला लागले. बाबांचाही पडला. त्याच सुमाराला पलीकडे गुडगावला शेतांमधून उंच उंच इमारती उगवायला लागल्या होत्या, आणि तिथल्या लोकांना गेटावर बंदूक हवी होती. एका सिक्युरिटी एजन्सीनं बाबांना तिथल्या एका सोसायटीच्या गेटावर लावलं. रोज पहाडीच्या रस्त्यानं, खडीच्या ट्रकांची धूळ खात, बसनं जायचं आणि यायचं. बाबा खूश होते. “काम आहे ना, बस,” म्हणायचे. घरी बसलेल्या माणसाला ते माणसात धरत नसत, स्वतःला तर नाहीच नाही.

झटक्यानंतर एजन्सीनं काही महिने जागा राखली, हे खरं. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं. डावा हात तेवढा लोंबत राहिला. कोपरापासून हलायचा, पण पकड नाही. कपाचा कान धरला तर कप खाली. त्यांच्या जुन्या दुनळी बंदुकीचं मात्र जमत होतं. ती बिजागरीसारखी मधून मोडायची, काडतुसं घालायची, मिटायची. मांडीवर टेकवून उजव्या हातानं ते करता यायचं. बाबांनी ते करून दाखवलं आणि आम्ही म्हटलं, चला, सुटलो.

कसले सुटतो! सोसायटीच्या सेक्रेटरीनं निरोप धाडला की आता दुनळी चालणार नाही. समोरच्या सोसायटीच्या गेटावर पंपवाल्या बंदुका आल्या होत्या. दुनळी म्हणे गावठी दिसते. पंपवाली म्हणजे नळीखाली एक मूठ असते. डाव्या हातानं ती मागे ओढली की वापरलेलं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. डाव्याच हातानं! मला असा संताप आला की सांगता सोय नाही. मेल्यांच्या गाड्या धुवायला पाणी नव्हतं, टँकरपुढे भांडणं करत होते, आणि शोभा हवी बंदुकीची. आई म्हणाली, “अहो, सोडा आता. पोरीचा पगार आहे, पेन्शन आहे. भागतं आपलं.” बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प उठून स्वयंपाकघरात गेली. मग मला म्हणाले, “रविवारी चल माझ्याबरोबर. मऊ चालणारी असेल एखादी.”

असे आम्ही बापलेक काश्मिरी गेटकडच्या बंदुकांच्या दुकानांत फिरलो. पोरी साड्यांच्या दुकानांत फिरतात, मी तिथे. दुकानदार माझ्याकडे बघायचे, मग बाबांच्या हाताकडे बघायचे, आणि चहा मागवायचे. दिल्लीत गिऱ्हाइकाला नाही म्हणायची वेळ आली की आधी चहा येतो.

पहिली बघितली ती नवी देशी. दिसायला झकास, काळी कुळकुळीत. बाबांनी डाव्या तळव्यात मूठ बसवली, मी हळूच त्यांची बोटं तिच्याभोवती वळवली, आणि त्यांनी ओढली. हललीच नाही. दुकानदारानं ओढून दाखवली तेव्हा आतून कचकच आवाज आला, पिठात खडे आल्यासारखा. “चलते चलते खुल जाएगी,” तो म्हणाला. बाबा म्हणाले, “तब तक मैं बंद हो जाऊंगा.” तिघेही हसलो. दुसरी इटालियन होती. मधल्या चालीत सुरेख, पण सुरुवातीला अडायची. एक हिसका द्यावा लागायचा, आणि हिसका तर बाबांकडे उरलाच नव्हता. तिसरी अर्धी यायची आणि तिथेच तिरकी होऊन बसायची. बाबा प्रत्येकीला कानाशी धरून ऐकायचे. कुठली कुठे घासते, कुठली शेवटी गचका देते, परतीच्या बसमध्ये मला समजावत राहायचे. झटक्यानंतर एवढं बोलताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं. मला बंदुकीत काडीचा रस नव्हता, पण मी ऐकत होते. बोलू देत, म्हटलं.

शेवटी एका म्हाताऱ्या लालाजींच्या दुकानात ती मिळाली. अमेरिकन, बाहेरून माल येणं बंद व्हायच्या आधीची. कुठल्याशा मोठ्या अफसराची, तो गेल्यावर बायकोनं दुकानात ठेवलेली. लाकडावरचं पॉलिश उडालेलं, लोखंड ठिकठिकाणी पांढरं पडलेलं. लालाजींनी ती रिकामी असल्याचं दाखवलं, बाजूचा खटका दाबला आणि नळी छताकडे केली. मूठ आपोआप मागे सरकली. नळी जमिनीकडे केली, मूठ पुढे गेली. कुणी ओढली नाही, कुणी ढकलली नाही. वापरून वापरून ती इतकी गुळगुळीत झाली होती की स्वतःच्या वजनावर चालत होती.

बाबांनी ती घेतली. वर केली, खाली केली. शेवटचा बारीकसा धक्का लागत होता तो मनगटानं दिला. खट्. पुन्हा वर, पुन्हा खाली, खट्. डाव्या हाताची बोटं नुसती ठेवलेली. बाबा माझ्याकडे बघून हसले. त्या झटक्यानं तोंड वाकडं झालं होतं ना, ते हसणं अर्ध्याच तोंडाचं होतं, पण हसले. मला तिथे रडूच कोसळलं. लालाजी म्हणाले, “बेटी, रोती क्यों है, बाप का हाथ मिल गया।”

दुनळी देऊन, वर थोडे भरून ती घेतली. लायसन्सवर चढवायला किती खेटे घातले ते सांगत नाही. मग घरात सराव सुरू झाला. पडदे ओढून, रिकाम्या बंदुकीनं. वर, खाली, खट्. वर, खाली, खट्. आई म्हणायची, “कुकरच्या शिट्ट्या मोजू की तुमचं खटखट मोजू?” पण तिच्याही आवाजात धार नव्हती. बाबा सकाळी स्वतःहून दाढीला बसायला लागले. आणि मी, मूर्ख, हिशेब करायला लागले की एवढं जमलं तर पुढे हातही सुधारेल.

सोसायटीनं दाखवायला बोलावलं त्या दिवशी मी ऑफिसातून सुट्टी काढली. बसच्या पायऱ्या चढताना त्यांना आधार लागायचा. क्लबहाऊससमोरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये सेक्रेटरी आला, पायात स्पोर्ट्स शूज, हातात मोबाइल, तेव्हा ती मिरवायची चीज होती. बरोबर एजन्सीचा सुपरवायझर. बाबांनी कडक सलाम ठोकला. बंदूक रिकामी आहे ते दाखवलं. मग वर, खाली, खट्. एकदम साफ. मी श्वास सोडला.

“ऐसे नहीं अंकल,” सेक्रेटरी म्हणाला. “कंधे पे रखके. जैसे सच में चोर आया हो.”

बाबांनी बंदूक खांद्याला लावली. आता नळी आडवी होती. आडव्या नळीत वजन काय करणार? ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं, घरी आम्ही त्यावर कधी बोललोच नव्हतो. बाबांनी ओढली. ती बिचारी जेवढं देता येईल तेवढं देत होती. अर्ध्यापर्यंत आली आणि बाबांचा हात मुठीवरून घसरून खाली लोंबला. त्यांनी उजव्या हातानं नळी जराशी वर करायचा प्रयत्न केला, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. सगळ्यांच्या लक्षात आलं.

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. तो जमिनीकडे बघत राहिला. सेक्रेटरीनं मात्र हात पुढे केला. “दिखाना ज़रा.” घेतली, खांद्याला लावली, आणि खटाक-खटाक. पुन्हा खटाक-खटाक. पोराच्या हातात खेळणं यावं तसा त्याचा चेहरा फुलला. “अरे वाह! मक्खन है यार! ये तो सामनेवालों के पास भी नहीं है!” आणि सुपरवायझरला बाजूला घेऊन काहीतरी बोलला.

सुपरवायझर आमच्याकडे आला. म्हणाला, तुमच्या लायसन्सवर आमच्या एका माणसाचं नाव चढवू. कागद एजन्सी करेल. बंदूक ड्यूटी करेल, तुम्ही आराम करा, महिन्याला काही ना काही घरी पोचतं होईल. मी तिथेच सुरू झाले. “शर्म नहीं आती आप लोगों को? आदमी नहीं चाहिए, बंदूक चाहिए?” आणखी खूप बोलले. बाबा मराठीत म्हणाले, “गप बस.” हळू म्हणाले, पण फौजेतल्या आवाजात.

मग ते सेक्रेटरीकडे वळले. मी बाबांना कुणापुढे काही मागताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. “सर, मंजूर है. बस एक बात. पुरानी चीज है, देखभाल लगती है. मैं हफ्ते में एक बार आ जाया करूंगा. सफाई कर दूंगा, तेल दे दूंगा. पैसा नहीं चाहिए. गेट पर स्टूल पे बैठके कर लूंगा.”

सेक्रेटरीनं अजून एकदा मूठ मागेपुढे केली. “अरे अंकल, आप क्यों तकलीफ करते हैं,” तो अगदी आपुलकीनं म्हणाला. “इसको तेल की क्या ज़रूरत, ये तो इतनी स्मूद चलती है.”

बाबांनी सह्या केल्या. सही करता येत होतीच.

घरी पोचलो तर आई दारातच उभी. माझ्या चेहऱ्याकडे न बघता तिनं थेट त्यांना विचारलं, “झालं का हो काम?”

“झालं,” बाबा म्हणाले. “बंदुकीला ठेवून घेतलं.”

“आणि तुमची ड्यूटी कधीपासून?”

बाबा पलंगावर टेकले. वर्दीचा पट्टा त्यांना एका हातानं निघत नसे, म्हणून मी खाली बसले आणि सोडायला लागले. बक्कल घट्ट होतं, निघेना. ते वरून बघत होते. म्हणाले, “ओढ जोरात. तुटला तर तुटू दे.”